बतावणीची रात्र

एसटीतून उतरायची घाई करू नका. आधी खिडकीबाहेर हात काढा आणि गाडीच्या पत्र्याला बोट लावून बघा. चटका बसला? मग पोहोचलात तुम्ही. साल 1980 च्या आसपासचं, दिवस पाडव्याचा, आणि हे नारायणगाव, तालुका जुन्नर. घराघरावर गुढ्या उभ्या आहेत, कडुनिंबाचा पाला उन्हानं मलूल झालाय, साखरेच्या गाठींभोवती मुंगळे जमलेत. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू एकसारखे वाजतायत. भज्यांच्या कढईचा वास, वितळलेल्या डांबराचा वास आणि माणसांच्या घामाचा वास असे तीन वास एकाच झुळकेबरोबर तुमच्या नाकात शिरतात.

आज तुम्हाला इथं एका तमाशाच्या फडात चाकरी मिळालीय. रात्री जेवताना तुम्ही जी विनोदी मालिका लावता ती कुणीतरी लिहिलेली असते, आणि तिच्यात कुणीतरी पैसे घातलेले असतात. त्या दोघांची नावं शेवटी पडद्यावरून सरकन निघून जातात. तोवर तुम्ही ताटं उचलायला उठलेले असता. इथं ही दोन्ही कामं एकाच माणसाकडं आहेत. वग तोच जुळवतो, कर्ज तोच काढतो, आणि रात्री तोंडाला रंग फासून उभाही तोच राहतो. त्याला मालक म्हणायचं. तुम्हीही म्हणा.

चला, राहुट्यांकडं. रस्त्याच्या कडेला कापडी राहुट्यांची रांग लागलीय आणि प्रत्येकीवर रंगवलेला फलक. इथं फडाचं नाव म्हणजेच कारखान्याची पाटी. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावापाशी माणसं उगाच थबकतात, आत डोकावतात, बाई दिसतात का बघतात. आजोबा नारायण खुडे यांनी उभा केलेला फड, तो पुढं वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी गाजवला, आणि 1935 मध्ये पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाईंनी तो स्वतःच्या नावावर पेलला. दत्ता महाडिक पुणेकर, दत्तोबा तांबे शिरोलीकर ही नावं तर इथल्या चहाच्या टपरीवरही अदबीनं घेतली जातात. तुमच्या मालकाचा फड त्यांच्याएवढा मोठा नाही. राहुटी शेवटून दुसरी आहे. आत एक सतरंजी, एक लोखंडी पेटी, देवाचा फोटो आणि लाल कापडात गुंडाळलेली एक वही.

वहीला हात लावू नका! तिच्यात वग आहेत. संवाद नाहीत बरं का, नुसता सांगाडा: राजा शिकारीला जातो, प्रधानाच्या मनात पाप येतं, राणी रानोमाळ होते. पदं तेवढी अक्षर न अक्षर लिहिलेली. बाकीचं बोलणं ज्यानं त्यानं रंगमंचावर उभं राहून जुळवायचं. फडातल्या निम्म्या गड्यांना अक्षरओळख नाही, पण तीन-तीन वग मुखोद्गत आहेत, आणि तेही रोज थोडे वेगळे.

पाच-सहा पागोटी आणि टोप्या राहुटीत शिरतात. गावचे कारभारी. त्यांच्याबरोबर उन्हात चालून आलेल्या चपलांचा आणि तंबाखूचा वास आत येतो. सतरंजीच्या कडेला सरका, जागा द्या त्यांना. जत्रेची वर्गणी एका धडप्यात बांधलेली आहे आणि ती गाठ सुटायला अजून तासभर आहे.

“मालक, बाया किती हायेत औंदा?”

“नऊ.”

“अन् सोंगाड्या?”

“तुमच्यासमोर बसलाय की.”

“ते ठावं हाय वो. पर बतावणी गेल्या सालचीच न्हाय ना? आमच्या पोरांस्नी पाठ झाली ती.”

हा शेवटचा प्रश्न नीट ऐकून ठेवा. वर्षभरापूर्वी एका रात्री ऐकलेला विनोद या माणसांच्या लक्षात आहे आणि तो पुन्हा विकत घ्यायला ते तयार नाहीत. मालकाच्या कपाळावर आठी येते, हसूही येतं. मग घासाघीस, रुसणं, उठून जाणं, दारातून परत येणं, चहा. शेवटी सुपारी ठरते, इसाराच्या नोटा मोजल्या जातात, नारळ हातात पडतो.

त्या नोटा मालकाच्या खिशात राहतील असं वाटलं असेल तर तसं काही नाही. दसऱ्याला फड बाहेर पडायच्या आधीच त्यानं प्रत्येक कलावंताला उचल दिलीय. पावसाळ्यात तमाशा बंद, पोटं मात्र चालू. कुणी भांगलायला जातं, कुणी दुसऱ्याच्या बांधावर खुरपं धरतं. तेव्हा उचलीवरच घरं चालतात. ती उचल द्यायला मालकानं सावकाराकडून पैसे घेतलेत, आणि सावकाराचं व्याज काही पावसाळ्यात घरी बसत नाही. वैशाखात जत्रा संपेपर्यंत जेवढ्या रात्री उभ्या राहतील तेवढ्यांत हे सगळं फिटलं पाहिजे. एका रात्री वळवाचा पाऊस आला, गावात भांडण झालं, ढोलकीवाल्याला ताप भरला, की तेवढा खड्डा पडला. आणि या माणसाकडून रोज रात्री लोक हसण्याची अपेक्षा करतात. तो हसवतोही. मला त्याचं फार मोठेपण वाटतं, म्हणूनच तुम्हाला इतक्या लांब आणलं.

आता चैत्री पौर्णिमेच्या अलीकडं या. ट्रकच्या फाळक्याला धरून वर चढा, हात देतील. खाली कनात, तिच्यावर कपड्यांच्या पेट्या, पेट्यांवर बायका-पोरं, आणि तुमच्या मांडीवर कुणीतरी झोपलेलं मूल. मंचर मागं पडतं, ट्रक घोड नदीच्या अंगाला वळतो आणि धुळीचा लोट आत येतो. दातांखाली खर लागते. सगळे काल रात्री जागलेत, आज रात्री जागणार आहेत; डोळे मिटलेत पण तोंडं चालू आहेत. एक म्हातारी गवळण म्हणणारी बाई विठाबाईंची ती गोष्ट सांगते. नऊ महिने भरलेले असताना बाई रंगमंचावर नाचत होत्या, कळा आल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पदर खोचून पुन्हा बाहेर आल्या. ट्रकमधली प्रत्येक बाई ही गोष्ट शंभरदा ऐकून आहे. तरी ऐकताना पोरींचे हात आपोआप पोटावर जातात.

गाव आलं. भैरवनाथाची जत्रा आहे. फडाचा मुक्काम शाळेच्या पडवीत. कारभारी शिधा आणून देतो: पीठ, डाळ, तेल, मिरची, कांदे. शिजवायचं तुमचं तुम्ही. मघाशी वाजतगाजत ट्रकला सामोरी आलेली माणसं पाण्याची घागर मात्र जरा लांब ठेवून जातात. फडातलं कुणी काही बोलत नाही. तीन दगडांची चूल पेटते, पिठलं रटरटायला लागतं, आणि तुमचा घास थोडा वेळ घशातच अडकतो. रात्री याच हातांना हे गाव टाळ्या देणार आहे, हे डोक्यात ठेवूनच पुढचं बघा.

जेवण झालं की मालक म्हणतो, “चला, वग लिवायला.” कागद-पेन शोधू नका. तो तुम्हाला घाटाकडं घेऊन जातो. टेकाडाच्या उतारावर शर्यतीची धाव आखलीय, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि सगळीकडं भंडारा उधळून हवा पिवळी झालेली. “भिर्रर्र” अशी आरोळी उठते, घोडी पुढं सुटते, मागं चार बैलांचा गाडा, आणि तुमच्या पायाखालची जमीन खरोखर हादरते. काही सेकंदांत बारी संपते. तुमच्या दंडाला कुणाचीतरी नखं रुतलीत. तो अनोळखी माणूस रडतोय की हसतोय हे त्यालाही ठाऊक नाही.

मालक बैलांकडं बघत नाही. तो माणसांकडं बघतो. कुणाचा गाडा पहिला आला, कुणाचा निशाणापर्यंतही पोहोचला नाही, सरपंचांनी कुणाला फेटा बांधला, कुणाला विसरले, डेअरीत दुधाला फॅट लागत नाही म्हणून कोण शिव्या देतंय, कांद्याच्या पट्टीत मंचरला किती कापून घेतले, तलाठी किती दिवसांत फिरकला नाही. एका हॉटेलात चहा, दुसऱ्यात शेव, न्हाव्याच्या खुर्चीशेजारी बसून पान. तुमच्या टीव्हीच्या जगात लेखकमंडळी एका खोलीत बसून विषय काढतात म्हणे. इथं सगळं गाव ती खोली आहे.

संध्याकाळी फडातला तरुण सोंगाड्या उड्या मारत येतो. एकाचा बैल घाटात पडला, पाय मोडला. “मालक, त्याच्यावर जोरात बतावणी हुईल!”

मालक मान हलवतो. “त्याच्या घरात आज चूल पेटली न्हाय. ज्याचा फेटा हुकला त्याच्यावर बोल. जो हरला पर घरी जाऊन जेवला, त्याच्यावर बोल. ह्याच्यावर न्हाय.”

एवढंच. विनोदाच्या शास्त्रावर पुस्तकं पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांत हे वाक्य मला सापडायला हवं होतं.

रात्र झाली. पालखीचा छबिना गावात फिरतोय, दारूकाम आभाळात फुटतंय, धुराचा उग्र वास. पिंपांवर फळ्या टाकून उभा केलेला रंगमंच. मागं कनातीच्या आड सफेदा खोबरेल तेलात कालवून चोळला जातोय, पायांत चाळांचे पट्टे आवळले जातायत, आणि हलगीवाला गोवऱ्यांच्या जाळावर हलगी शेकतोय, मधूनच बोटानं टिचकी मारून बघतोय. पुढं हजार-दोन हजार माणसं जमिनीवर, गोणपाटावर, एकमेकांच्या गुडघ्यांवर. विड्यांचे लाल ठिपके. लांब बैलगाड्यांत तोंडाला पदर लावलेल्या बाया. जनरेटर खाकरतो, ट्यूबा दोनदा मिचकतात, आणि ढोलकीवर थाप पडते.

ती थाप कानाला नाही, बरगड्यांना लागते. गण झाला. गवळण सुरू. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि बायकी लुगड्यातली मावशी, म्हणजे मिशा काढलेला आपलाच गडी, कमरेवर हात ठेवून पुढं येते.

“मावशे, दान दिल्याबिगर म्होरं जाता येनार न्हाय.”

“कशाचं दान रं?”

“दुधातली मलई दे.”

“आरं कृष्णा, डेअरीवाल्यानं सकाळीच फॅट काढून घेतली. आता काय पान्याचं दान घेतोस?”

हशा आधी दूधवाल्यांच्या गोटातून उठतो, मग पसरत जातो. कुणीतरी टोपी फेकतो. लावण्या होतात, शिट्ट्यांनी कान बधिर होतात, ढोलकीवाल्याचा सदरा पाठीला चिकटलाय. आणि मग बतावणी. दोघंच. मालक आणि तो तरुण सोंगाड्या. सामान काही नाही, पडदा नाही. नुसती फेकाफेक.

“आमचा बैल घाटात असा सुटला, असा सुटला, निशाण ओलांडलं, देवळाला वळसा घातला, अन् थेट मंचरच्या बाजारात!”

“अन् तिथं काय केलं?”

“कांद्याचा भाव इचारला.”

“मग?”

“मग काय! भाव ऐकून बैलाला झीट आली. पानी मारून आनला. नायतर पैला नंबर आपलाच हुता.”

आता गर्दीकडं बघा. ज्याचा गाडा मागं राहिला तो पुढच्याच रांगेत बसलाय. क्षणभर त्याचं तोंड आवळलेलं, मग तो गुडघ्यावर थाप मारून ओरडतो, “खरंय! पट्टी बघून मलाबी आली हुती!” अख्खी जमीन हसते. मालक थांबतो. हसू पूर्ण ओसरायच्या जरा आधी पुढचा शब्द टाकतो. कुठं थांबायचं हे त्याला कुणी शिकवलं नाही; ते त्यानं अशा हजारो तोंडांकडं बघून मिळवलंय. एखादी फेक पडलीच, तर दुसऱ्या क्षणी तो ती स्वतःच उचलून तिसरीकडं फेकतो.

याच काळात मुंबई-पुण्याच्या घरांत ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ नुकतंच लाडकं होऊन गेलंय. चिं. वि. जोशींची माणसं, विजया धुमाळेंची निर्मिती, चिमणरावाच्या कोटात दिलीप प्रभावळकर. मुंबई दूरदर्शन 1972 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं आणि दशक संपायच्या आत मराठी माणसाला नेमानं भेटणारं विनोदी कुटुंब मिळालं. मला ती मालिका प्रिय आहे. पण तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटण्याची गोडी तमाशाला फार आधीपासून ठाऊक होती. सांगलीकडच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ या वगातल्या काळू-बाळू या पात्रांनी इतके ओळखले जाऊ लागले की तीच त्यांची नावं झाली. पलीकडं मावळातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मध्ये सावळ्या कुंभार होऊन उभे राहिले की लोक कथा ऐकायला थांबत नव्हते, सावळ्या आज काय नवीन बोलतोय ते ऐकायला येत होते. वसंत सबनीसांनी 1965 च्या सुमारास ‘विच्छा माझी पुरी करा’ शहराच्या नाट्यगृहात नेलं, दादा कोंडक्यांनी ते गाजवलं, तेव्हा तिकीट काढून बसलेली माणसं ज्या हजरजबाबीपणावर फिदा झाली तो अशाच पिंपांवरच्या फळ्यांवर घडलेला होता.

असो. तुमचं नाव पुकारतायत!

वगाला शिपाई कमी पडलाय. अंगरखा डोक्यावरून खाली येतो. त्याला तिघांच्या घामाचा वास आहे. हातात कळकाचा भाला. “काय बोलू?” तुम्ही विचारता. “जे सुचंल ते,” म्हणत कुणीतरी तुम्हाला पाठीवर हात ठेवून बाहेर लोटतं.

उजेड. पुढं काळोखाची भिंत, तिच्यात डोळे. राजा सिंहासनावर, म्हणजे शाळेच्या खुर्चीवर. मालक आता थोरला शिपाई झालाय. तो तुमच्याभोवती एक फेरी मारतो.

“काय रं, नाव काय तुजं?”

तुमची जीभ टाळूला चिकटते. एक, दोन, तीन क्षण. कुठंतरी लहान मूल रडतं. तुम्हाला वाटतं, संपलं सगळं.

मालक राजाकडं वळतो. “म्हाराज, ह्याला तलाठी करा. काय बी इचारा, गप्पच ऱ्हातोय!”

हशाची लाट छातीवर येऊन आदळते. फळ्या थरथरतात, तळपायांना ती थरथर कळते. तुम्ही एक शब्द न बोलता हसू मिळवलंत. मिळवून दिलं त्यानं. तुमचं गप्प राहणं त्यानं उचललं, दुपारी न्हाव्याच्या दुकानात कानावर पडलेला तलाठी त्याला जोडला, आणि तुम्हाला वाचवलं. मग हलकेच, लोकांना कळू न देता, पुटपुटतो, “आता भाला आपट अन् मुजरा कर.” तुम्ही भाला आपटता. उलटा आपटता. त्यालाही हसतात.

वग पहाटेपर्यंत चालतो. राणी रानात रडते तेव्हा मघाचीच माणसं उपरण्यानं डोळे पुसतात. कोंबडं आरवतं, प्रधान मरतो, सत्य जिंकतं, भैरवी होते.

झोपायला गेलात तर फसाल. सकाळी हजेरी आहे. उन्हं वर आली की तीच माणसं आंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून पुन्हा समोर बसणार. सावली नाही, दिव्यांचा आडोसा नाही, रंग उतरलेले चेहरे, सुजलेले डोळे. रात्रीचा एकही विनोद चालणार नाही. तुमचे पाय भरून आलेत, घसा बसलाय. मालक मात्र चुळा भरताना कालच्या फेट्याबद्दल काहीतरी जुळवतोय. हजेरीत तो सरपंचांच्या देखत स्वतःच्याच डोक्याला फाटकं धोतर फेट्यासारखं बांधून घेतो, आणि ज्याचा फेटा हुकला होता त्याच्यापुढं जाऊन मुजरा करतो. सरपंच मोठ्यानं हसतात, आणि उठून त्या माणसाला स्वतःच्या हातानं फेटा बांधतात. टाळ्या थांबत नाहीत.

बिदागी मिळते, थोडी कमी. पुढच्या सालचा शब्द मिळतो, तो मात्र पक्का. मालक तिथंच ओट्यावर बसून नोटांचे लहान लहान गठ्ठे करतो. ढोलकीवाला, झिलकरी, नाचणाऱ्या मुली, स्वयंपाकाची म्हातारी, ट्रकचा डायव्हर. शेवटच्या गठ्ठ्याला तो हात लावत नाही, सरळ पेटीत टाकतो; सावकाराचा माणूस आठवड्यानं येणार आहे.

ट्रक सुटतो. पुढचं गाव ओतूरच्या बाजूला. तिथं गाडे नाहीत, कुस्त्यांचा आखाडा आहे. म्हणजे बैलाची बतावणी गेली. मालक फाळक्याला टेकतो आणि सगळ्यांच्या अंगावरून ओरडतो, “पैलवानावर काय तरी सांगा रं! आमचा पैलवान असा तगडा, असा तगडा, की...”

एकजण काहीतरी बोलतो. “जुनं झालं.” दुसरी बाई झोपेतूनच एक सांगते. “गावात बायाबी बसतात, ते नको.” मग तो तुमच्याकडं बघतो. ट्रक खड्ड्यातून उसळतो, पेट्या आदळतात, धूळ डोळ्यांत जाते, आणि तुम्ही पहिल्यांदाच जीव एकवटून ओरडता, “असा तगडा की आखाड्यात उतरला अन् समोरचा पैलवान मामलेदाराकडं रजेचा अर्ज घेऊन गेला!”

ढोलकीवाला विचार करतो. “मामलेदार नको. हेडमास्तर कर. अन् अर्ज आईच्या सहीचा.”

“आईच्या सहीचा!” मालक मांडीवर थाप मारतो. “बरं, मग हेडमास्तर काय म्हनला? चल, लवकर सांग, ओतूर येतंय.”